गुरुजींचा पारा

गडचिरोली जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत मी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात भूल देण्याचं काम करत होते. लोक मला भूलवाली बाई म्हणायचे. शिक्षण नागपूरला झालेलं, माहेर बल्लारपूरचं. वडील पेपर मिलमध्ये होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यास घ्यायचे. डॉक्टर झालेली मुलगी लोकांना बरं करेल अशी त्यांची समजूत होती. मी लोकांना फक्त झोपवते, बरं दुसराच कोणी करतो, हे त्यांना शेवटपर्यंत नीटसं पटलं नाही.

तो दुसरा कोणी म्हणजे आमचे सर्जन. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावचे. माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचे, पेशंटशी त्यांच्याच बोलीत, आणि दोन्हींत कमीच. त्यांची आई त्यांच्याजवळ क्वार्टरमध्ये राहायची. सर अविवाहित होते. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला त्या काळात रक्तदाबाचा नाद लागला होता. माणसाचं प्रेशर वॉर्डात एक असतं आणि ऑपरेशनच्या टेबलावर दुसरंच. आता कमरेत सुई देऊन अर्धं अंग बधिर केलं की रक्त पायांकडे साचतं आणि प्रेशर उतरतं. किती उतरलं म्हणजे काळजी करायची, याचे नियम पुस्तकात होते. पण उतरलं ते कुठून मोजायचं, वॉर्डातल्या आकड्यापासून की टेबलावरच्या, यावर पुस्तकं मोघम बोलत. म्हणून मी प्रत्येक पेशंटचं प्रेशर दोन्हीकडे स्वतः मोजायला लागले. नागपूरला भूलतज्ज्ञांची एक बैठक भरायची, तिथे हे मांडायचं मनात होतं. सर एकदा म्हणाले, "मॅडम, टेबलावर वाढतं हे सांगायला नागपूरला कशाला जाता? ते टेबलाला माहीत आहे." एवढीच त्यांची संशोधनाबद्दलची टीका.

त्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी भरती झाले. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेलं, धानोऱ्याला घर बांधून राहिलेले. अंगाने काटक, कपडे पांढरे, बोलणं खणखणीत. डाव्या जांघेत हर्निया होता आणि बरीच वर्षं पट्टा बांधून त्यांनी तो सांभाळला होता. सोबत त्यांच्या बाई होत्या. वॉर्डात मी प्रेशर पाहिलं. त्या वयाला शोभेल असं, एकशे तीसच्या आसपास. गुरुजी म्हणाले, "मले काईच होत नाई, मॅडम. हे हर्निया सोडलं तं मी ठणठणीत हावो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर मोजलं तर पारा दोनशेच्या वर. मी दंडावरचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्या हाताला बांधला. मशीन बदललं. तीन प्रकारांनी उत्तर एकच आलं. सर हात धुऊन आत आले होते. मी मान हलवली. ते म्हणाले, "आज नको." आणि हातमोजे काढून गेले. गुरुजींना वॉर्डात नेलं. तासाभराने मोजलं तर एकशे तीस.

पुढच्या वेळी मी आदल्या रात्री आणि सकाळी झोपेची गोळी दिली. गुरुजी टेबलावर आले तेव्हा अर्धवट गुंगीत होते आणि प्रेशर छान होतं. मी सुई भरायला घेतली. तेवढ्यात सर आले आणि म्हणाले, "काय गुरुजी, कसं वाटून राह्यलं?" गुरुजींनी डोळे सताड उघडले. मी हाताखालची नाडी धावताना अनुभवली. पारा मोजायची खरं तर गरज नव्हती, पण मोजला. सर म्हणाले, "आज नको."

सुट्टी देताना मी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि हर्निया अडकला, पोट दुखायला लागलं, तर क्षणभरही थांबू नका असं बजावलं. त्यांच्या बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. काहीतरी सांगायचं होतं, पण गुरुजी पिशवी घेऊन बाहेर आले आणि त्या गप्प झाल्या.

माझ्या कामात हा एक पेशंट कुठेच बसत नव्हता. टेबलावर सगळ्यांचंच थोडं वाढायचं. यांचं थोडं नव्हतं. मग एकदा आरोग्य शिबिराच्या जीपने धानोऱ्याला जाणं झालं. परतताना ड्रायव्हरला म्हटलं, पाच मिनिटं थांब, आणि मशीन घेऊन गुरुजींच्या घरी गेले.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्यांचा वास सगळ्या घराला लागलेला. गुरुजी खाटेवर बसून एका मुलीला गणित समजावत होते. मला पाहून उठले. "तुमी काऊन आल्या इथी?"

"जाता जाता आले. हात द्या."

एकशे तीसच्या आतच.

"तुमचं प्रेशर फक्त आमच्या टेबलावरच वाढतं, गुरुजी. आमच्या दवाखान्यात भूत आहे का?"

गुरुजींनी मुलीला घरी पाठवलं. बाई चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "यायले भूत नाई दिसत. यायले डॉक्टर दिसते."

"तू चूप राय," गुरुजी म्हणाले.

"काऊन चूप राहू? मॅडम इतक्या दूर आल्या. सांगा ना त्यायले."

मग गुरुजींनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते एका आडगावच्या शाळेवर होते. चौथीतला एक मुलगा शाळेच्या मागे बसून दाढीच्या ब्लेडने एक मेलेला सरडा उघडत होता. काळीज कुठे, पोट कुठे, ते काडीने बाजूला करून पाहत होता. गुरुजींनी त्याचा कान धरून वर्गात आणलं. सगळ्या पोरांसमोर आणि बोलावून आणलेल्या बापासमोर म्हणाले, हा पोरगा मोठेपणी कसाई होईल, याला शाळेत ठेवून उपयोग नाही. बाप भोळा होता. गुरुजी म्हणतात म्हणजे खरंच असणार. त्याने पोराला शाळेतून काढून गुरांमागे लावलं. पुढे गुरुजींची बदली झाली. मुलाचं काय झालं ते त्यांना कळलं नाही.

"कळलं ते तुमच्या टेबलावर," गुरुजी म्हणाले. "दवाखान्यात त्याईचं नाव आयकलं, गाव आयकलं, तवाच शंका आली होती. टेबलावर वरून तोंड पाह्यलं अन् ओळखलं. तोंडावर फडकं होतं, पण डोळे तेच."

मी चहा प्यायले.

"मॅडम, तो मले ओळखते का?"

"मला माहीत नाही."

"नसन ओळखत तं बरं हाय," ते म्हणाले. आणि मग, "अन् ओळखत असन तं?"

तुमचा सर्जनवर विश्वास नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, विश्वास आहे. भीती त्याच्या हाताची नाही वाटत. त्याने काही विचारलं तर काय सांगायचं, त्याची वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सरांना सरळ विचारलं. ते डबा खात होते.

"ओळखलं ना," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. वॉर्डात चालत आले तेव्हा. अजून तसेच चालतात, एक खांदा पुढे करून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ऑपरेशनच्या आधी मी पेशंटशी हर्नियाबद्दल बोलतो."

"त्यांचं प्रेशर तुम्हाला पाहून वाढतं, सर."

त्यांनी घास खाल्ला आणि ते पाणी प्यायले. "मग नागपूरला पाठवा. तिथले सर्जन त्यांच्या शाळेत नव्हते."

मी नागपूरची चिठ्ठी लिहून धानोऱ्याला पाठवली. गुरुजी नागपूरला गेले नाहीत. तिथे आपलं कोणी नाही, दोघांनाही झेपणार नाही, असा निरोप आला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." त्यांना त्यात बरं काय वाटलं ते मला कळलं नाही.

बिडीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. एका दुपारी पत्त्याची पोती नेणारा ट्रक दवाखान्याच्या दारात थांबला आणि पुढच्या सीटवरून गुरुजींना उतरवलं. हर्निया सकाळपासून अडकला होता. जांघेत कडक, लाल गोळा, पोट फुगलेलं, सारख्या उलट्या. बाई ट्रकमधून शेवटच्या उतरल्या. त्यांच्या पदराला पत्त्यांचा चुरा लागला होता. सरांनी हात लावून पाहिलं. या वेळी "आज नको" म्हणायची सोय नव्हती.

निर्णय माझ्याकडे होता. पूर्ण झोपवावं तर पोट भरलेलं. उलटी होऊन श्वासात गेली असती तर तिथेच संपलं असतं. कमरेत सुई द्यावी तर उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, प्रेशर धाडकन कोसळण्याची भीती. वर हा माणूस टेबलावर घाबरून प्रेशर चढवणार, म्हणजे कोसळायला उंचीही भरपूर. मी नाकातून पोटात नळी घातली, दोन्ही हातांना सलाईन लावलं, आणि बाटल्या भराभर आत जाऊ दिल्या. मग कमी औषध घेऊन सुई द्यायचं ठरवलं. सरांना म्हटलं, "मी हाक मारेपर्यंत आत येऊ नका." ते हात धुऊन, कोपर वर करून बाहेर उभे राहिले.

सुई नीट गेली. थोड्याच वेळात गुरुजी म्हणाले, "पाय गेले माझे, मॅडम." नाकात नळी असल्यामुळे आवाज गेंगाणा येत होता. मी म्हटलं, "आहेत, मला दिसताहेत." तेवढ्यात त्यांना जांभई आली. प्रेशर उतरताना माणूस जांभई देतो. मी पट्टा फुगवला. पारा खाली, आणखी खाली, आणि ठोका ऐकू येईपर्यंत मला माझेच ठोके ऐकू येत होते. सिस्टरला टेबलाचा पायाकडचा भाग उचलायला लावला, सलाईन मोकळं सोडलं, प्रेशर चढवायचं इंजेक्शन शिरेत दिलं. दारातून सर म्हणाले, "सुरू करू?"

"थांबा."

ते थांबले. पुन्हा विचारलं नाही. पारा हळूहळू वर आला आणि मला चालेल अशा जागी टिकला. मी हाक मारली. गुरुजींच्या छातीवर हिरवा पडदा बांधला होता. पडद्याच्या पलीकडे सर आणि सिस्टर, अलीकडे गुरुजींचं डोकं आणि मी.

सरांनी गोळा उघडला. अडकलेलं आतडं सोडवलं. मग ते मला म्हणाले, "काळं पडलंय. गरम पाण्याच्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतो. रंग परत आला तर ठीक, नाहीतर तेवढा भाग कापावा लागेल. मॅडम, प्रेशर खाली जाऊ देऊ नका. तिकडून रक्त आलं तरच इकडे रंग येईल."

असं गुंडाळून ठेवल्यावर सर्जनला काहीच काम नसतं. हात आत धरून वाट पाहायची. एरवी सर अशा वेळी छताकडे बघत. त्या दिवशीही बघत होते. मी पारा पाहत होते.

गुरुजी छताकडेच बघत म्हणाले, "डॉक्टरसाहेब."

"बोला."

"तुमी मले ओळखलं का?"

"हाव, गुरुजी. ओळखलं."

मी पट्टा फुगवला. पारा जरा खाली आलेला होता म्हणून मी आणखी एक इंजेक्शन भरायला घेतलं होतं.

"म्या तुमच्या बापाले एक शबुद बोललो होतो."

"कसाई," सर म्हणाले.

सिस्टरच्या हातातली गॉजची थाळी वाजली. गुरुजींनी डोळे मिटले. मी पुन्हा मोजलं. प्रेशर छान वर आलं होतं. मी भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं.

"हाव," गुरुजी म्हणाले. "तोच."

"आता तुमचं आतडं माझ्या हातात हाय, गुरुजी. तुमचं फार काई चुकलं नाई."

मी सरांना असा विनोद करताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि तो विनोद होता की नाही हेही मला नक्की सांगता येत नाही. गुरुजी हसले नाहीत.

"तुमचं एखादं वर्स गेलं असन माझ्यापायी."

"दीड."

"दीड," गुरुजी म्हणाले.

मग सर बोलत राहिले. छताकडे बघत, एका आवाजात. गुरं राखायला आपली हरकत नव्हती, असं म्हणाले. जंगलात बरंच काही मेलेलं सापडायचं, ब्लेड खिशात असायचं. पण मायनं बापाशी बोलणं टाकलं होतं. जेवण वाढायची, बोलायची नाही. दीड वर्ष घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मग एक दिवस तिनं लुगड्याच्या गाठोड्यात पोराचे कपडे बांधले आणि त्याला पायी चालवत गडचिरोलीला आणून एका वसतिगृहात बसवून दिलं. बाप पुढं लवकरच गेला. तो आपल्याशी नीट बोलला असता की नाही, ते कळायचं राहून गेलं. "ते तेवढं मी विसरलो नाई, गुरुजी," सर म्हणाले. "बाकीचं विसरलो असतो."

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे जात होतं. नाकात नळी असली की डोळ्यांना पाणी येतंच. मी ते गॉजने पुसलं.

"मले काई म्हणता येत नाई," गुरुजी म्हणाले.

"नका म्हणू."

मग सर म्हणाले, "अन् गुरुजी, तो बेडूक होता."

"सरडा होता."

"बेडूक. कापत मी होतो."

"म्या डोळ्यानं पाह्यलं, सरडा होता," गुरुजी म्हणाले. आवाज शाळेतला होता. प्रेशर उत्तम.

सरांनी गॉज उघडलं. सिस्टर वाकून बघायला गेली. मला पडद्यामुळे दिसत नव्हतं, म्हणून मी उभी राहिले. काळसर जांभळ्या वळणावर कडेने गुलाबी छटा चढत होती, आणि मधोमध एक बारीक लाट सरकून गेली. आतडं हलायला लागलं होतं. सर म्हणाले, "कापायचं नाई." ते कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. मग आतडं आत सारून त्यांनी टाके घालायला सुरुवात केली.

गुरुजींना बरं व्हायला जरा वेळ लागला, पण झाले. ड्रेसिंग सर स्वतः करायचे. एरवी ते काम सिस्टर करते. त्या वेळी दोघं काय बोलत, ते मला माहीत नाही. मी एकदोनदा मुद्दाम त्या वेळी प्रेशर मोजायला गेले, तर दोघेही गप्प होते. पारा मात्र चढलेला असायचा. बोलणं झालं म्हणजे आता उतरेल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. सर वॉर्डात आले की गुरुजींचं प्रेशर वाढायचं ते सुट्टीच्या दिवसापर्यंत वाढतच राहिलं.

पुढे नागपूरच्या बैठकीत मी माझं काम मांडलं. गुरुजींचं उदाहरण, नाव-गाव न सांगता, शेवटी घेतलं. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, या पेशंटचं टेबलावर इतकं वाढण्याचं कारण काय? मी म्हटलं, भीती. ते म्हणाले, ती कशी मोजली? मी म्हटलं, मोजली नाही. मग ते पुढच्या वक्त्याकडे वळले. निदान दोन्ही ठिकाणी मोजल्याशिवाय सुई द्यायची नाही, हा नियम मी पुढे कायम पाळला, आणि दोनतीन लोकांना त्याचा उपयोगही झाला.

सुट्टी झाली त्या दिवशी गुरुजींनी सरांना विचारलं, "तुमची माय इथीच असते ना? भेटता येईन का?" सरांनी हातातला केस पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "या." आणि मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हीही या. मशीन घेऊन या."

क्वार्टर दवाखान्याच्या मागेच होतं. गुरुजी व्हरांड्यात खुर्चीवर बसले, मी शेजारी. त्यांच्या बाई विचारायच्या भानगडीत न पडता सरळ आत गेल्या. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. सर दाराशी उभे होते, आत की बाहेर ते ठरवता येत नसल्यासारखे.

बऱ्याच वेळाने सरांची आई बाहेर आली. ठेंगणी, कपाळावर गोंदण, हाताला पीठ. गुरुजी उठून उभे राहिले. टाके ओले होते, त्यांना उठणं जड गेलं. तिने बस म्हटलं नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "लेकराले लिवता येत होतं. वाचता येत होतं. तुमाले दिसलं नाई."

"नाई दिसलं, माय."

"त्याच्या बापालेबी नाई दिसलं. तुमच्यापायी."

"हाव."

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. मी मशीनची पेटी मांडीवर धरून बसले होते. ती उघडावी असं मला वाटलं नाही.

"पोट दुखते का अजून?"

"थोडं."

"मंग बसा. उभे काऊन राह्यले? भात टाकला हाय, जेवूनच जा." आणि मुलाकडे वळून, "तू पाट मांड."

सगळे जेवले. भात गरम होता, सोबत अंबाडीची भाजी. जेवणात बेडूक-सरड्याचा विषय निघाला. सरांची आई म्हणाली, दोन्ही नव्हतं, चिमणीचं पिल्लू होतं, तिनं ब्लेड धुतलं होतं म्हणून तिला माहीत आहे. त्यावर कोणाचंच एकमत झालं नाही.

हात धुतल्यावर तिने माझ्या पेटीकडे बोट दाखवलं. "हे काय आणलं?" मी सांगितलं. तिने बाही वर केली आणि हात पुढे केला. "मंग माझंबी पाहा. आणलंच हाय तं."

मी पट्टा बांधला. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांत जास्त प्रेशर तिचं निघालं, गुरुजींचं टेबलावर असायचं तेवढं. थोडं बसवून पुन्हा मोजलं, तरी तेच. तिला काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. किती वर्षांपासून आहे ते कोणालाच सांगता येईना. सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी आईचं प्रेशर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला गोळी सुरू केली. ती रोज घेत नसे.